वीजजाळ्याच्या आधुनिकीकरणात लोकांना सामील कसे करून घ्यावे: नव्याने या कामावर आलेल्यांसाठी

नवे उपकेंद्र कुठे उभारायचे, कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) आधी स्वयंचलित स्विच बसवायचे, स्मार्ट मीटर कोणत्या भागापासून लावायचे हे सगळे पूर्वी नियोजन विभागात ठरत असे आणि बाहेर फक्त एक जाहीर सूचना जात असे. वीज तेव्हा एकाच दिशेने वाहायची, त्यामुळे ते खपूनही जायचे. आता छतावरच्या सौर पॅनेलमधून वीज उलटी जाळ्यात येते, गाड्या घरोघर चार्ज होतात, मीटर दिवसभरातला वापर तुकड्यातुकड्याने कळवत राहतो आणि मोठ्या बॅटऱ्यांचे कंटेनर वस्तीशेजारच्या भूखंडावर येऊन बसतात. यातल्या बऱ्याच गोष्टी ग्राहकाने साथ दिली तरच चालतात. म्हणून त्याला विचारणे हा आता नियोजनाचाच भाग झाला आहे.

हे काम बहुतेकदा एखाद्या अभियंत्याच्या किंवा प्रकल्प अधिकाऱ्याच्या गळ्यात अचानक पडते. त्याला भारप्रवाहाचा, म्हणजे जाळ्यात कुठून किती वीज वाहते याचा, अभ्यास करता येतो, पण दोनशे चिडलेल्या माणसांच्या सभेत काय करायचे ते कुणी शिकवलेले नसते. गंमत अशी की सभा हा या कामाचा बराच पुढचा भाग आहे. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, कागदावर सुरू होते.

पहिली पायरी: काय बदलू शकते ते आधी लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि योजनेतल्या निर्णयांचे तीन भाग करा. पहिल्या भागात न बदलणाऱ्या गोष्टी येतील: सुरक्षिततेची अंतरे, कायद्याने घातलेल्या अटी, वारंवारिता आणि विद्युतदाबाच्या मर्यादा, मंजूर झालेला निधी. दुसऱ्या भागात खुल्या गोष्टी: वाहिनीचा मार्ग, उपकेंद्राची जागा, कामाचा क्रम, मीटर नाकारण्याची मुभा, गर्दीच्या वेळच्या दराची रचना, खोदाईचे वेळापत्रक. तिसऱ्या भागात ज्यांचे उत्तर तुमच्याही हाती अजून नाही अशा गोष्टी. हा कागद वरिष्ठांकडून लेखी मान्य करून घ्या. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती सर्रास गाळली जाते. मग सभेत एक अधिकारी म्हणतो मार्ग बदलता येईल, दुसरा म्हणतो येणार नाही, आणि पुढचे वर्ष त्या दोन वाक्यांचा खुलासा करण्यात जाते.

दुसरा भाग रिकामा राहिला तर सल्लामसलतीचे नाव घेऊ नका. सरळ माहिती द्या, शंकांना उत्तरे द्या, आणि निर्णय झाला आहे हे सांगा. लोकांना नकार पचतो. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितले की मात्र संताप येतो. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी दिखाऊ सहभाग होता आणि माथ्यावर लोकांच्या हातातला निर्णय. लोकसहभागाच्या क्षेत्रात काम करणारे आज माहिती देणे, सल्ला घेणे, सामील करून घेणे, सहकार्य करणे आणि निर्णय सोपवणे अशी पाच पातळ्यांची मांडणी वापरतात. प्रत्येक खुल्या निर्णयापुढे यांपैकी एकच पातळी लिहा. सगळ्या गोष्टींना सर्वात वरची पातळी लागत नाही. रिले (बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणारे उपकरण) कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर जनमत मागणे हा वेळेचा अपव्यय आहे.

दुसरी पायरी: नकाशावरून माणसे शोधा

बहुतेक कार्यालयांत निमंत्रितांची एक जुनी यादी असते: उद्योग संघटना, लोकप्रतिनिधी, दोन-तीन ग्राहक संघटना. ती यादी क्षणभर बाजूला ठेवा आणि फीडरचा नकाशा समोर घ्या. ज्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्या वाहिनीखाली, ज्या खोदाईच्या रस्त्यावर काम होणार आहे तिथे कोण राहते, कोण धंदा करते, कोणाची जमीन आहे ते पाहा. मग चार प्रश्न विचारा. त्रास कोणाला होईल? पैसे कोण भरेल? फायदा कोणाला मिळेल? आणि अडवण्याचा किंवा परवानगीचा अधिकार कोणाकडे आहे? या चार प्रश्नांची उत्तरे क्वचितच एकाच माणसापाशी येऊन थांबतात, आणि भांडणे बहुधा तिथूनच उगवतात.

नेहमी सुटणारी काही माणसे मुद्दाम सांगतो. भाडेकरू: छत त्यांचे नसते, पण सौर योजनेचा भार त्यांच्या बिलातही येतो. घरी ऑक्सिजन यंत्र किंवा डायलिसिस असलेले रुग्ण: तुमच्यासाठी दोन तास वीजपुरवठा ठरवून बंद ठेवणे ही किरकोळ नोंद असते, त्यांच्यासाठी ती जिवाची गोष्ट असते. रात्रपाळीला जाणारे, इंटरनेट न वापरणारे, कार्यालयाची भाषा न बोलणारे. पाणीपुरवठा विभाग आणि दूरसंचार कंपन्या, कारण रस्त्याखालची जागा तुमच्याआधी त्यांनी घेतलेली असते. अग्निशमन दल तर बॅटरी साठवणुकीच्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून हवे. लिथियम बॅटरीची आग कशी हाताळायची, गाडी आत कुठून येणार, पाणी कुठून मिळणार हे त्यांनी आराखड्यावर पाहिलेले नसेल तर शेजारच्या रहिवाशांना तुम्ही काय उत्तर देणार?

आणि आपल्याच कंपनीतले लोक. मीटर वाचणाऱ्याला स्मार्ट मीटर म्हणजे नोकरीवर गदा वाटते, आणि ती भीती निराधार नसते. लाइनमनला ठाऊक असते की कोणत्या पेटीत पाणी शिरते आणि कोणत्या गल्लीत शिडी लागत नाही. त्यांना आधी विश्वासात घेतले नाही तर ग्राहकाच्या दारात उभे राहून तेच सांगतात, “आम्हालाही काही माहीत नाही, वरून आलंय.” त्या एका वाक्यापुढे तुमची सगळी माहितीपत्रके फिकी पडतात.

वाहिनी आदिवासी समूहांच्या जमिनीतून जाणार असेल तर मामला वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली स्वीकारलेल्या आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्वसूचित आणि माहितीवर आधारलेल्या संमतीचे तत्त्व आहे. इथे सर्वसाधारण जनसुनावणी पुरत नाही. त्यांच्या निर्णयाच्या रीतीने आणि त्यांच्या गतीने चालावे लागते, आणि त्यासाठी कॅलेंडरमध्ये जागा ठेवावी लागते.

तिसरी पायरी: माती ओली असतानाच बोलवा

नियोजनाचा क्रम साधारण असा असतो: मागणीचा अंदाज, जाळ्याची सध्याची क्षमता, पर्याय, खर्च, नियामकाची (वीज कंपन्यांचे दर आणि योजना तपासणाऱ्या संस्थेची) मंजुरी, बांधकाम. लोकांना बहुतेकदा चौथ्या-पाचव्या टप्प्यावर बोलावले जाते. तोवर मडके भाजून झालेले असते. खरा उपयोग पहिल्या टप्प्यावर आहे. पुढच्या पाच वर्षांत कोणता बसडेपो विजेवर जाणार, कुठे शीतगृह येणार, कोणत्या वसाहतीत छतावर सौर बसवण्याची तयारी चालली आहे हे तिथल्या लोकांना तुमच्या मॉडेलपेक्षा आधी कळते.

उशिराची किंमत पाहायची असेल तर आयर्लंडकडे बघा. तिथल्या पारेषण कंपनीने, एअरग्रिडने, देशाच्या दक्षिणेकडून मनोऱ्यांवरून जाणारी ४०० किलोव्होल्टची ‘ग्रिड लिंक’ ही वाहिनी प्रस्तावित केली. २०१४ पर्यंत सुमारे ३५,००० निवेदने आली. लोकांचा मुख्य आक्षेप होता की मनोऱ्यांशिवाय दुसरा मार्ग आमच्यापुढे ठेवलाच नाही. पुढे मागणीचे अंदाजही खाली आले, फेरविचार झाला, आणि आहेत त्याच वाहिन्यांची क्षमता सिरीज कॉम्पेन्सेशन तंत्राने (वाहिनीत जास्तीची उपकरणे जोडून तिच्यातून अधिक वीज नेण्याच्या पद्धतीने) वाढवण्याचा पर्याय पुढे आला. म्हणजे नव्या मनोऱ्यांची ती रांगच टळली. त्यानंतर कंपनीने प्रकल्प विकसित करण्याची पद्धत बदलली आणि गरज आहे का, पर्याय कोणते, या प्रश्नांपासून लोकांशी बोलायला सुरुवात केली.

हवाईने उलट बाजूने सुरुवात केली. २०४५ पर्यंत विकली जाणारी सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याचा कायदा तिथे २०१५ साली झाला. त्यानंतर हवाईयन इलेक्ट्रिक कंपनीने एकात्मिक ग्रिड नियोजन हाती घेतले. त्यात भागधारकांची परिषद, तंत्रज्ञांचे सल्लागार मंडळ आणि अंदाज, लवचिकता अशा विषयांवरचे कार्यगट होते. मागणीची गृहीतके ठरवतानाच बाहेरची माणसे टेबलावर होती. २०२३ साली योजना नियामकापुढे गेली. प्रक्रिया लांबली, थकवणारीही होती. पण आकडे कुठून आले यावरचा वाद शेवटी होण्याऐवजी सुरुवातीला झाला, आणि तो तिथेच परवडतो.

चौथी पायरी: माहिती द्या, पण त्यांच्या प्रश्नांच्या क्रमाने

अभियंत्याचे सादरीकरण जाळ्याच्या रचनेपासून सुरू होते. लोकांचे प्रश्न दुसऱ्याच क्रमाने येतात: माझे बिल किती वाढेल, वीज कमी वेळा जाईल का, माझ्या दारात काय खोदणार, आणि धोका आहे का. याच क्रमाने उत्तरे लिहा. सरासरी ग्राहकाला वर्षात किती वेळा आणि किती वेळ वीज जाते याचे निर्देशांक प्रत्येक वितरण कंपनीकडे असतात. ते संपूर्ण परिसराचे न देता त्या त्या फीडरचे द्या. सरासरीच्या पोटात वाईट फीडर सहज लपतात, आणि त्या फीडरवरचा माणूस तुमच्या चकचकीत सरासरीकडे पाहून उठून जातो.

बिलाचा परिणाम नेहमी सांगा, तोही एका आकड्यात न सांगता किमान आणि कमाल अशा पट्ट्यात, गृहीतकांसह. “अजून ठरले नाही” हे उत्तर चालते, पण कधी ठरेल ते सोबत हवे. जाळ्याच्या सुरक्षेसाठी काही नकाशे उघड करता येत नाहीत. तसे असेल तर काय लपवले आहे आणि का, एवढे तरी स्पष्ट लिहा.

दोन उदाहरणे इथे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड भागात २००९ साली स्मार्ट मीटर बसल्यावर बिले फुगल्याच्या तक्रारींचा पूर आला. राज्याच्या नियामकाने स्वतंत्र तपासणी करवून घेतली. २०१० च्या अहवालात मीटर अचूक असल्याचे आढळले. बिले वाढण्यामागे उन्हाळ्याची लाट आणि दरवाढ ही कारणेही होती. पण त्याच अहवालाने तिथल्या वीज कंपनीच्या ग्राहकसेवेवर ठपका ठेवला: लोकांच्या तक्रारी नीट ऐकून घेतल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे यंत्र बरोबर होते आणि तरी प्रकल्प अडचणीत आला. तिथून घेण्यासारखे साधे काम असे: दरवाढ आणि मीटरबदल एकाच हंगामात करू नका, आणि काही घरांत जुना व नवा मीटर काही काळ शेजारी-शेजारी चालवून वाचने उघड दाखवा.

दुसरे नेदरलँड्सचे. २००९ साली तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटर सक्तीचे करणारी तरतूद अडवली. मुद्दा खासगीपणाचा होता. थोड्याथोड्या वेळाने घेतलेल्या वाचनांवरून घरात माणसे कधी असतात, कधी झोपतात, कधी गावाला जातात याचा माग काढता येतो. पुढे सक्ती सोडून, नाकारण्याची मुभा देऊन योजना मार्गी लागली. तेव्हा विदा (मीटरचा डेटा) किती बारकाईने घेणार, कोण पाहणार, किती काळ ठेवणार आणि पोलिसांनी मागितली तर काय करणार ही चार उत्तरे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असू द्या.

पाचवी पायरी: बैठका

मंच, माईक आणि समोर खुर्च्यांच्या रांगा ही मांडणी भांडणासाठीच केल्यासारखी असते. माईक धाडसी माणसाकडे जातो आणि उरलेले ऐकत बसतात. त्याऐवजी मोठ्या खोलीत पाच-सहा टेबले लावा: एकावर मार्गाचा नकाशा, एकावर बिल, एकावर बांधकामाचे वेळापत्रक, एकावर आरोग्य आणि सुरक्षा. प्रत्येक टेबलावर त्या विषयाचा जाणकार आणि लिहून घेणारा एक जण. नकाशावर लोकांना स्वतःच्या हाताने खुणा करू द्या. जिथे आराखड्यात पडीक जमीन दिसते तिथे पावसाळ्यात पाणी साचते हे अशा खुणांतूनच कळते.

जाणकार निवडताना वक्तृत्व पाहू नका. “हे मला माहीत नाही, अमुक दिवसापर्यंत लेखी कळवतो” असे न कचरता म्हणणारा आणि खरोखर कळवणारा माणूस निवडा. बोलका जनसंपर्क अधिकारी पहिल्या सभेत टाळ्या घेतो. दुसऱ्या सभेत त्याच्याच वाक्यांची कात्रणे घेऊन लोक येतात.

एका वेळेची एकच सभा कधी ठेवू नका. एक संध्याकाळी, एक सुट्टीच्या दिवशी, आणि जमेल तिथे लोकांच्याच ठरलेल्या जागी: शाळा, बाजार, कामगारांची वसाहत. दुभाषा, लहान मुलांसाठी कोपरा, चाकाच्या खुर्चीला वाट, या सोयी ऐच्छिक समजू नका. वाहिनीच्या मार्गावरून लोकांसोबत पायी फेरी मारता आली तर जरूर मारा. खोलीत तासभर चाललेला वाद जागेवर पाच मिनिटांत मिटतो, किंवा निदान नेमका कशावर आहे ते समजते.

तांत्रिक कार्यगटांत लोकांच्या बाजूने कोण बसणार, हा अवघड प्रश्न आहे. कंपनीचा तज्ज्ञ पगारी असतो, उद्योगाचा वकील पगारी असतो, आणि वस्तीतला कार्यकर्ता कामावर रजा टाकून आलेला असतो. कॅलिफोर्निया आणि कॅनडातील ओंटारिओ इथे नियामकापुढे ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या पात्र गटांना खर्च भरून मिळण्याची व्यवस्था आहे. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तज्ज्ञाच्या शुल्कासाठी आणि उपस्थितांच्या प्रवासासाठी तरतूद करता येते. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वात कारणी लागणारा पैसा हाच.

सभेला येणारे म्हणजे सगळे लोक, असे मात्र धरून चालू नका. टेक्सासमधल्या वीज कंपन्यांनी १९९६ ते १९९८ या काळात वेगळी वाट धरली. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ग्राहकांना एकत्र आणले, विरुद्ध बाजूंच्या तज्ज्ञांनी तपासलेली माहिती वाचायला दिली, गटांत चर्चा करू दिली आणि आधी-नंतर मत विचारले. नवीकरणीय विजेसाठी थोडे अधिक पैसे देण्याची तयारी असणाऱ्यांचे प्रमाण चर्चेनंतर बरेच वाढले. ज्या प्रश्नात खर्च सगळ्यांवर पडणार आहे, तिथे खुल्या सभेपेक्षा हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

सहावी पायरी: पैसा आणि ओझे कोणावर, ते उघड मांडा

वाहिनी एका गावातून जाते आणि वीज दुसऱ्याच शहराला मिळते. हे लपवून काही साधत नाही. भरपाई कशी ठरते, नुकसान झाल्यास कोणाकडे जायचे, स्थानिकांना काय मिळणार हे लेखी द्या. भरपाई आणि सामूहिक लाभ यांची गल्लत होऊ देऊ नका: पहिला हक्क आहे, दुसरा करार.

प्रत्येक तोडग्यासोबत नवे बाधित येतात. जर्मनीत उत्तरेकडची पवनऊर्जा दक्षिणेला नेणाऱ्या सुमारे ७०० किलोमीटरच्या ‘सूडलिंक’ वाहिनीला मनोऱ्यांमुळे तीव्र विरोध झाला. २०१५ साली अशा उच्चदाब एकदिश वाहिन्यांसाठी भूमिगत केबलला प्राधान्य देणारा कायदा झाला. मनोऱ्यांचा प्रश्न बराच मिटला, पण खर्च आणि कालावधी दोन्ही वाढले, आणि आता शेतकरी जमिनीच्या थरांची उलथापालथ आणि मातीचे तापमान यांबद्दल विचारू लागले. मार्ग बदलला की दुसऱ्या पायरीवर परत जा, नवी यादी करा.

कधीकधी मात्र लोकच तोडगा असतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि क्वीन्स भागांत वाढत्या मागणीमुळे कॉन एडिसन कंपनीला सुमारे १.२ अब्ज डॉलरचे उपकेंद्र बांधावे लागले असते. २०१४ साली नियामकाने त्याऐवजी सुमारे २० कोटी डॉलरच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली. घरे-दुकानांतले दिवे व उपकरणे बदलणे, बॅटऱ्या, गर्दीच्या तासांत वापर कमी करणे यांवर भर देऊन उपकेंद्राची गरज पुढे ढकलली गेली. पर्यायांच्या यादीत असा एक पर्याय नेहमी ठेवा आणि तोही इतरांइतक्याच कसोशीने तपासा.

सातवी पायरी: नोंदवही

आलेल्या प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या. पुढे तीन रकाने: काय म्हणाले, आम्ही काय केले, का. “नोंद घेण्यात आली” हे उत्तर या वहीत चालणार नाही. न स्वीकारलेल्या सूचनेचे कारण दोन ओळींत, साध्या भाषेत लिहा. ही वही सार्वजनिक ठेवा आणि नियामकाकडे जाणाऱ्या प्रस्तावाला जोडा. योजनेत लोकांमुळे झालेला एक तरी ठोस बदल सहा महिन्यांत दाखवता आला नाही तर पुढच्या बैठकीला तेच चार जण येतील.

बांधकाम सुरू झाल्यावर विषय बदलतो: धूळ, आवाज, अडलेला रस्ता, नियोजित बंद. इथे समिती फारशी कामाची नाही. दूरध्वनीवर उत्तर देणारा एक नामनिर्देशित माणूस हवा, ज्याला ठेकेदाराचे काम थांबवण्याचा अधिकार आहे. बंदची पूर्वसूचना घरी वैद्यकीय उपकरणे असलेल्यांना स्वतंत्रपणे, फोन करून द्या. यंत्रणा चालू झाल्यावर वर्षभराने त्याच फीडरचे आधीचे आणि नंतरचे आकडे त्याच लोकांपुढे ठेवा, अपेक्षेपेक्षा वाईट असले तरी.

अशा योजना दहा-पंधरा वर्षे चालतात आणि अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात. म्हणून बदलीच्या वेळी तांत्रिक कागदपत्रांबरोबर ही नोंदवही सही घेऊन सोपवा. तिच्यात दिलेल्या आश्वासनांची वेगळी यादी असावी: कोणाला, काय, कधीपर्यंत, आणि ते पूर्ण करण्याची जबाबदारी आता कोणाच्या नावावर आहे.